कोयनेला वर्षभरात मोठा भूकंप होणार म्हणून मित्र पैज लावतोय, घेऊ का?

घे की भावा, पण आधी मोठा म्हणजे किती ते ठरव, नाहीतर तिथं 3 रिश्टरचे बारके धक्के धरण भरल्यापासून चालूच हायत आणि गडी त्यावरच तांबडा-पांढरा वसूल करंल. 6 च्या वर म्हण. तसला 11 डिसेंबर 1967 ला झाला, त्यानंतर कोयनेत एकदाबी नाही, म्हणजे ढोबळमानानं वर्षाला शंभरात एक-दोन चान्स. त्यामुळं बरोबरीची पैज असंल तर तुझाच फायदा, त्यानं एकास पन्नास मागितलं तर मात्र राहू दे. आणि बरीच वर्षं झाली नाही म्हणजे आता होणारच, असलं काय नसतंय. पैसं नको, जेवणावरच लाव.