आरोग्य-प्रश्नोत्तरे : जन्मताच बाळ रडले नाही तर

प्रश्न : महिन्यापूर्वी माझ्या सुनेचे बाळंतपण तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात झाले. बाळ रडले नाही. निळसर आणि लुळे पडले होते. सिस्टरांनी ते पुसले, पाठ चोळली आणि मग तोंडा-नाकावर छोटा मास्क धरून रबरी फुगा दाबायला सुरुवात केली. शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर असूनही तो जोडला नाही. दोनेक मिनिटांत बाळ रडले. आता ते अंगावर चांगले पिते, पण घरातल्या बायका म्हणतात की त्याला उलटे धरून चापट मारायला हवी होती आणि ऑक्सिजन न दिल्याने मेंदूला इजा झाली असेल. माझ्या जिवाला घोर लागला आहे.
– एक आजी, राधानगरी तालुका

उत्तर : आजी, त्या सिस्टरांनी जे केले तेच योग्य होते, आणि ते त्यांनी वेळेत केले, हे आधी मनाशी पक्के धरा. पोटात असताना बाळाची फुप्फुसे पाण्यासारख्या द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू त्याला वारेतून, नाळेवाटे मिळतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही श्वासांनी तो द्रव बाजूला सरून हवेला जागा व्हावी लागते. पूर्ण दिवसांच्या १०० बाळांपैकी सुमारे ८५ बाळांना हे आपणहून जमते, आणखी १० जणांना कोरडे पुसणे आणि पाठ चोळणे पुरते, आणि उरलेल्या पाचेक बाळांना कोणीतरी बाहेरून हवा द्यावी लागते. आपला नातू या पाचांतला होता.

ही हवा जन्मापासून पहिल्या मिनिटाच्या आत मिळू लागली पाहिजे. त्यासाठी बाळाची मान किंचित मागे झुकलेली ठेवतात, मास्क हनुवटी, तोंड आणि नाक झाकेल पण डोळ्यांवर येणार नाही असा बसवतात आणि मिनिटाला ४० ते ६० वेळा, मनातल्या मनात ‘दाब, दोन, तीन’ असे मोजत फुगा दाबतात. प्रत्येक दाबासरशी इवलीशी छाती वर येते की नाही, यावरच सिस्टरांची नजर खिळलेली असते. ती वर आली, तर बहुतेक बाळांच्या हृदयाचे ठोके अर्ध्या मिनिटात वाढू लागतात. म्हणून श्वास न घेणाऱ्या बाळासाठी त्या क्षणी सिलिंडरपेक्षा फुगा मोलाचा. साध्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो आणि पूर्ण दिवसांच्या बाळाची सुरुवात त्यानेच करावी, असे आजचे शास्त्र सांगते. गरज नसताना दिलेला जादा ऑक्सिजन अपायकारक ठरू शकतो.

उलटे धरणे, चापट मारणे, कानाशी ताट वाजवणे, नाकाशी कांदा धरणे या सगळ्यांत ते मोलाचे मिनिट वाया जाते आणि नाजूक बाळाला इजाही होऊ शकते. घरच्या बायका हे मायेपोटीच सांगतात, म्हणून त्यांना रागे न भरता समजावून सांगा.

राहिला मेंदूचा प्रश्न. काही मिनिटांत श्वास घेऊ लागलेले, पहिल्या तीन-चार दिवसांत झटके न आलेले, सुस्त न पडलेले आणि नीट पिणारे बाळ सहसा इतर बाळांसारखेच वाढते. तरीही दोन महिन्यांच्या सुमारास ते ओळखीचे हसते का आणि चौथ्या महिन्यापर्यंत मान धरते का, हे बघा आणि बालरोगतज्ज्ञांना तपासणीसाठी दाखवत राहा.

प्रश्न : मी गगनबावडा तालुक्यात राहते. मला सातवा महिना आहे आणि तारीख ऐन पावसाळ्यातली आहे. काय तयारी करावी?

उत्तर : ताई, पंचगंगेला पूर आला की तुमच्याकडचा रस्ता बंद होतो, म्हणून तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीच कोल्हापुरात किंवा दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे येऊन राहा. कोणत्या बाळाला मदत लागेल हे दर वेळी आधी कळत नाही, त्यामुळे जिथे बाळंत होणार तिथे स्पष्ट विचारा की, ‘बाळ बाहेर आल्यावर फक्त त्याच्याकडे बघायला कोण असेल, आणि फुगा-मास्क हाताशी असतो का?’ असे विचारण्यात संकोच नको, तो तुमचा हक्क आहे. आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात नेणे-आणणे आणि उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून मोफत आहेत. कळा सुरू होताच १०८ ला फोन करा.

वाटेतच बाळ झाले, तर ते कोरड्या सुती कापडाने पुसून ओले कापड लगेच बाजूला करा, बाळाला उघड्या छातीशी धरा आणि डोक्यासह दोघांवर पांघरूण घाला. तोंडात बोट घालून घशातले काढू नका आणि नाळ कापण्याची घाई करू नका. श्वास नसेल, तर पाठ दोन-तीनदा चोळा. तरीही नसेल, तर त्याचे तोंड आणि नाक आपल्या तोंडात घेऊन फक्त गालांत मावेल एवढीच हवा, छाती उचलेल इतपत, हळूच फुंकत राहा आणि १०८ चा फोन चालू ठेवा.

प्रश्न : आमच्या मुलीच्या कार्डावर ‘अपगार ७, ९’ लिहिले आहे. १० का नाहीत?

उत्तर : अमेरिकेतील भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये ही पद्धत मांडली. श्वास, ठोके, रंग, स्नायूंचा ताण आणि प्रतिसाद यांना पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला गुण देतात. ७ किंवा अधिक म्हणजे ठीक. हात-पाय काही काळ निळसर राहत असल्याने रंगाचा एक गुण बहुतेक बाळांचा जातोच. श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा देणे मात्र या गुणांसाठी थांबत नाही, कारण पहिले गुण मांडले जाईपर्यंत ते मिनिट संपलेले असते.