पार्टनर करारात आधी काय वाचावं?

प्रश्न : आमची छोटी कंपनी एका मोठ्या प्लॅटफॉर्मवर चालणारं ॲप बनवते आहे. पार्टनर करारात कमिशनशिवाय काय तपासावं?

उत्तर : अटी बदलण्याचा हक्क कुणाला आणि किती दिवसांच्या सूचनेने, ते आधी शोधा. बहुतेक करारांत तो एकतर्फी असतो. युरोपीय संघाच्या २०१९च्या नियमानुसार ॲप स्टोअरसारख्या मध्यस्थांना अटी बदलण्याआधी किमान १५ दिवस सूचना द्यावी लागते. बदलामुळे तांत्रिक काम वाढणार असेल तर जास्त. इतरत्र करारात लिहिलं असेल तेवढंच. १५ दिवसांत कोड बदलून, तपासून पुन्हा रिव्ह्यूतून (प्लॅटफॉर्मकडून होणाऱ्या ॲपच्या तपासणीतून) पार पडणं अवघडच.

पण तुमच्या खऱ्या नाड्या एपीआयमध्ये, म्हणजे तुमचं ॲप प्लॅटफॉर्मशी ज्यातून बोलतं त्या जोडणीत असतात. ऑनलाइन दुकानांचा प्लॅटफॉर्म शॉपिफाय दर तिमाहीला एपीआयची नवी आवृत्ती काढतं आणि प्रत्येक आवृत्ती किमान १२ महिने चालवतं. म्हणजे वर्षातून एकदा तरी अपग्रेडचं काम अंगावर येणार, ते खर्चात आधीच धरा. आवृत्तीइतकीच कोट्यावर, म्हणजे वापराच्या कमाल मर्यादेवर नजर हवी. ऑगस्ट २०१२ मध्ये ट्विटरने पर्यायी क्लायंट ॲप्सना (ट्विटर वापरण्यासाठी इतरांनी बनवलेल्या ॲप्सना) १ लाख वापरकर्त्यांपुढे जायला परवानगी लागेल असं जाहीर केलं. आधीच पुढे गेलेल्यांना तेव्हाच्या संख्येच्या दुपटीपर्यंतच मुभा दिली. एकही ॲप त्या दिवशी बंद पडलं नाही, पण धंदा वाढायची वाट बुजली.

कमिशनमध्ये टक्क्यांपेक्षा टप्पे पाहा. २०२१ मध्ये ॲपल आणि गूगल दोघांनी १५ टक्क्यांचा सवलतीचा दर आणला, मर्यादाही दोघांची वर्षाला १० लाख डॉलर कमाईची. गूगलने मर्यादेवरच्या रकमेलाच ३० टक्के लावले. ॲपलकडे मात्र मर्यादा ओलांडली की उरलेलं वर्ष ३० टक्के, आणि पुढच्या वर्षीही सवलत नाही.

प्रश्न : आमचंच फीचर प्लॅटफॉर्मने स्वतः आणलं तर?

उत्तर : आणू शकतो, बहुतेक करारांत ती मोकळीक त्याने राखून ठेवलेली असते. डेव्हलपर याला ‘शेरलॉक होणं’ म्हणतात, कारण २००२ मध्ये ॲपलच्या शेरलॉक ३ या मॅकवरच्या शोध-साधनाने वॉटसन नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या ॲपचं बरंचसं काम स्वतःकडे घेतलं. तेव्हा रिव्ह्यूच्या अर्जात आगामी योजना लिहू नका. करारात मुभा असेल तर ग्राहकाचा ईमेल आणि बिलिंग स्वतःकडे ठेवा, आणि दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर नेता येईल असा मूळ कोड एपीआयच्या जोडणीपासून वेगळा लिहा.