बीजिंगला सिल्व्हर जिंकूनही ढसाढसा रडलेली ती लाल केसांची रशियन स्केटर कोण? तिचं सुरुवातीचं करिअर कसं होतं?

तुम्ही म्हणताय ती अलेक्झांड्रा त्रुसोवा, फॅन लोक तिला साशा म्हणतात. 2022 च्या त्या फायनलमध्ये तिने फ्री स्केटला (स्पर्धेचा दुसरा, मोठा भाग) पाच क्वाड मारले, म्हणजे हवेत चार गिरक्या घेऊन उतरायच्या पाच उड्या, आणि पाचही उभ्या उतरवल्या. फ्री स्केटमध्ये 177.13 घेऊन पहिली तीच होती, पण आधीचा छोटा भाग, म्हणजे शॉर्ट प्रोग्राम, धरून बेरीज झाली 251.73 आणि आन्ना श्चेरबाकोवाची 255.95. तिचं रडणं बऱ्याच जणांना हट्टीपणा वाटला. मला नाही वाटला, कारण 14 व्या वर्षापासून हिच्या बाबतीत पुन्हा पुन्हा हेच होत आलं होतं, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

जन्म 23 जून 2004, रियाझान, मॉस्कोपासून साधारण दोनशे किलोमीटरवरचं शहर. चार वर्षांची असताना बर्फावर उतरली, पुढे मॉस्कोला आली आणि मग कोच एतेरी तुतबेरिद्झेच्या ग्रुपमध्ये गेली. हा ग्रुप म्हणजे त्या वेळी मुलींच्या स्केटिंगमधला सगळ्यात मोठा कारखाना, 2018 च्या ऑलिंपिकचं गोल्ड आणि सिल्व्हर दोन्ही (झागितोवा आणि मेदवेदेवा) इथलंच. साशा तिथली ज्युनिअर, 2017 च्या सीझनला तिने ज्युनिअर ग्रां प्रीमध्ये (वेगवेगळ्या शहरांतल्या स्पर्धांची मालिका) ब्रिस्बेन जिंकलं, मिन्स्क जिंकलं, डिसेंबरात नागोयाला फायनल जिंकली.

पण खरी सुरुवात मार्च 2018, सोफिया, ज्युनिअर वर्ल्ड्स. ऑलिंपिक संपून काही आठवडेच झाले होते, सगळे दमलेले, ज्युनिअरकडे कोण बघतंय, आणि ही 13 वर्षांची मुलगी फ्री स्केटच्या सुरुवातीलाच क्वाड साल्काव मारते आणि लगेच क्वाड टो लूप (साल्काव, टो लूप, लुट्झ, फ्लिप ही उड्यांच्या प्रकारांची नावं). याआधी स्पर्धेत मान्य झालेला क्वाड कुठल्याही मुलीने मारला होता तो 2002 मध्ये, जपानच्या मिकी आंदोने, तोही एक साल्काव. मधली 15 वर्षं काहीच नाही. तोपर्यंत लोक सरळ म्हणायचे की क्वाड पुरुषांचा, बायकांच्या शरीराला ते झेपत नाही. साशाने एकाच प्रोग्राममध्ये दोन मारून दाखवले आणि 225.52 घेऊन गोल्ड नेलं. दुसऱ्या नंबरला तिच्याच ग्रुपमधली अलेना कोस्तोर्नाया, पण खूपच मागे.

मग सप्टेंबर 2018, लिथुआनियातलं कौनास, क्वाड लुट्झ. हा मात्र जरा नीट समजून घ्या. लुट्झ मारताना स्केटर बराच वेळ मागे मागे जात असते, डाव्या पायाच्या ब्लेडच्या बाहेरच्या कडेवर, एक मोठं सावकाश वळण घेत. मग उजव्या बुटाचं दातेरी टोक मागे बर्फात खुपसायचं आणि गिरकी घ्यायची, पण ज्या दिशेला वळण चाललंय त्याच्या उलट दिशेने. म्हणजे आधीच्या वळणाचा फायदा शून्य, उलट तो अंगाला खेचत असतो. त्यातून एका सेकंदापेक्षा कमी वेळात चार गिरक्या पूर्ण करून उजव्या पायावर मागे सरकत उतरायचं. कितीतरी सीनियर पुरुष स्केटरनाही ही उडी जमत नाही आणि मुलींमध्ये स्पर्धेत पहिल्यांदा जमली ती हिला, वय 14.

एवढं सगळं असून ती सगळं जिंकत सुटली का, तर नाही. त्याच डिसेंबरात व्हँकुव्हरला ज्युनिअर फायनलमध्ये एकही क्वाड न मारणाऱ्या कोस्तोर्नायाने तिला हरवलं. मग रशियन नॅशनल्स (सीनियर बरं का), तिथे श्चेरबाकोवा पहिली, साशा दुसरी, कोस्तोर्नाया तिसरी, चौदा-पंधरा वर्षांच्या तीन मुली आणि ऑलिंपिक चॅम्पियन झागितोवा पाचवी. मार्चमध्ये झाग्रेबला ज्युनिअर वर्ल्ड्सचं गोल्ड मात्र पुन्हा साशाचंच.

आता मुख्य मुद्दा, जो मला वाटतं बऱ्याच जणांना माहीत नसतो. मुलींच्या शॉर्ट प्रोग्राममध्ये क्वाडला परवानगीच नव्हती. पुरुषांना होती, मुलींना नव्हती. तिथे जास्तीत जास्त अवघड म्हणजे ट्रिपल अ‍ॅक्सल, साडेतीन गिरक्यांची उडी, मूळ किंमत 8 पॉइंट, डबल अ‍ॅक्सलची 3.3. कोस्तोर्नायाकडे सीनियरला आल्यावर ट्रिपल अ‍ॅक्सल होता, जपानच्या रिका किहिराकडे होता, साशाचा तो कधीच पक्का झाला नाही. म्हणजे तिचं जे सगळ्यात मोठं हत्यार, ते स्पर्धेच्या अर्ध्या भागात म्यानातच ठेवायचं. त्यात परीक्षक जे पॉइंट सादरीकरणाला, बर्फावरच्या सफाईला देतात तिथेही ती कोस्तोर्नायाच्या मागे असायची, आणि ते चूक होतं असं मी म्हणणार नाही, कोस्तोर्नायाचं स्केटिंग डोळ्याला खरंच जास्त सुंदर होतं. त्यामुळे साशा बऱ्याचदा शॉर्टला मागे पडायची आणि मग फ्रीला सगळं भरून काढायचं.

मग लोक विचारतात की पडत होती तर एवढे क्वाड टाकायचेच कशाला. हिशोब करून बघा. 2018 पासूनच्या नियमात क्वाड लुट्झची किंमत 11.5, ट्रिपल लुट्झची 5.9. गिरक्या पूर्ण करून पडलात तर क्वाडचे अर्धे कापले जातात, वर पडण्याचा एक पॉइंट, तरी 4.75 हातात राहतात. म्हणजे पडलेला क्वाड आणि साधा नीट उतरलेला ट्रिपल यात फरक साधारण एका पॉइंटचा, आणि उभी उतरलात तर सरळ दुप्पट. उगाच धोका पत्करणारी मुलगी असं तिच्याबद्दल लिहिलं जायचं ते मला कधीच पटलं नाही, गणित तिच्या बाजूने होतं, सोसायचं मात्र तिच्या गुडघ्यांना आणि घोट्यांना होतं.

ऑक्टोबर 2019, केलोना, स्केट कॅनडा, सीनियरमधली तिची पहिली ग्रां प्री. शॉर्टनंतर तिसरी. फ्रीला पहिलीच उडी क्वाड साल्काव आणि धाडकन पडली. 15 वर्षांची मुलगी, पुढे अजून तीन क्वाड बाकी, कुणीही एखादा कमी केला असता. हिने उठून लुट्झ मारला, टो लूप मारला, परत एक टो लूप मारला. फ्रीचे 166.62, एकूण 241.02, गोल्ड, दोन्ही त्या वेळचे वर्ल्ड रेकॉर्ड पाहिजेत तर बघा, पण मला आकड्यांपेक्षा ते पडून उठल्यानंतरचे काही सेकंद जास्त भारी वाटतात, चेहऱ्यावर काहीही नाही, सरळ पुढच्या उडीचा वेग घ्यायला निघाली. डिसेंबरात तुरिनला फायनलमध्ये क्वाड फ्लिप, तोही मुलींमध्ये पहिलाच, पण मेडल ब्राँझ, वरती कोस्तोर्नाया आणि श्चेरबाकोवा. जानेवारीत ग्राझला युरोपियन्स, परत ब्राँझ, वरती परत त्याच दोघी. मॉन्ट्रियलची वर्ल्ड्स कोविडने रद्द झाली आणि मे 2020 मध्ये ती तुतबेरिद्झेला सोडून माजी ऑलिंपिक चॅम्पियन प्लुशेन्कोच्या अकॅडमीत गेली. रशियात त्यावरून केवढा गदारोळ झाला होता. वर्षभराने ती परत आलीच, पण तो पुढचा भाग.

बीजिंगलाही शॉर्टमध्ये ट्रिपल अ‍ॅक्सलवरच पडली, चौथी होती, बाकीचं तुम्ही पाहिलंच आहे.

या सगळ्यात वय हा विषय टाळता येत नाही. हलकं अंग, अजून वाढ न झालेलं, त्यावर हे क्वाड बसतात आणि मग मुलगी मोठी होते तसं एकेक निसटायला लागतं, हे या ग्रुपमधल्या कितीतरी जणींचं झालं आणि ते बघून वाईट वाटतं. जून 2022 मध्ये सीनियर स्पर्धांचं किमान वय 15 वरून टप्प्याटप्प्याने 17 करायचं ठरलं ते मला योग्यच वाटतं. तरी साशाच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी, 13 व्या वर्षीचे क्वाड तिने 17 व्या वर्षापर्यंत टिकवले, इतकंच काय वाढवले, आणि हे तिच्या बरोबरीच्या फार कमी जणींना जमलं.

बघायचं असेल तर ज्युनिअर ग्रां प्री स्पर्धा यूट्यूबवर फुकट लाइव्ह दाखवायचे, आपल्याकडूनही बघता यायच्या, त्यात कौनास 2018 शोधा. आधी तिचा क्वाड लुट्झ आणि मग दुसऱ्या कुठल्याही मुलीचा ट्रिपल लुट्झ लागोपाठ बघा, उडीची उंची साधारण तेवढीच दिसेल, हवेतली गिरकी किती घट्ट आणि किती वेगाने आहे ते नीट बघा.