खाणीचं पाणी आणि नदीतले मासे: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: एका उघड्या कोळसा खाणीमुळे नदीतल्या माशांचं किती पाणी जातं ते बघायचं आहे, आणि तिचे कागद हाती आले आहेत. त्यात पंपाच्या मीटरचा वर्षाचा आकडा आहे. तोच पाणीवापर धरायचा का?

नाही. मीटरवर दिसतं ते उचललेलं पाणी. नदीला फटका बसतो तो परत न आलेल्या पाण्याचा. कामगारांच्या अंघोळीचं पाणी शुद्ध होऊन ओढ्याला मिळत असेल, तर त्यातलं बरंचसं वजा होतं. डंपरच्या रस्त्यावर धूळ बसवायला मारलेलं पाणी मात्र जवळजवळ सगळं उडून जातं.

टँकरचा हिशेब करून बघा. ३० हजार लिटरचा टँकर, दिवसाला २० फेऱ्या, वर्षात कोरडे २०० दिवस. झाले १ लाख २० हजार घनमीटर. अमेरिकी कागदांत हेच ९७ एकर-फूट (एक एकरावर एक फूट उंच साठलेलं पाणी म्हणजे एक एकर-फूट) म्हणून दिसेल. फेऱ्या टँकरवाल्याच्या नोंदवहीतून मोजा. अहवालातल्या गुळगुळीत सरासरीवर माझा फारसा विश्वास नाही.

हमखास विसरली जाते ती गाळ बसवायच्या तळ्यांची वाफ. पावसाची भर वजा जाता वर्षाला १ मीटर पाणी उडत असेल, तर १ हेक्टरच्या तळ्यातून १० हजार घनमीटर जातात. कोळसा धुतला जात असेल तर त्याच्यासोबत बाहेर जाणारा ओलावाही धरा, पण फक्त धुताना वाढलेला. कोळशात मुळातच असलेला ओलावा नदीच्या नावावर टाकू नका.

प्रश्न: आमच्याकडची खाण नदीतून थेंबही घेत नाही, फक्त खाणीत झिरपलेलं पाणी उपसते. मग नदीचं काय जातं?

झिरपलेलं पाणी कुठे निघालं होतं, ते आधी विचारा. ते भूजलातून नदीलाच मिळणार असेल, तर तूट नदीचीच, फक्त ती काही वर्षांनी दिसते. पंप बंद झाल्यावरही रिकामा खड्डा भरेपर्यंत पाणी ओढत राहतो.

प्रश्न: सगळं धरूनही तूट नदीच्या अर्ध्या टक्क्याच्या आत येते. माशांना एवढ्यानं काय होणार?

टक्का कशाचा काढलात? वर्षाच्या एकूण प्रवाहाचा असेल तर तो पुन्हा काढा. वरच्या टँकरचं पाणी रोज ६०० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ लिटर. वितळलेल्या बर्फाच्या पुरात हे कुणाला कळणारही नाही. पण धूळ उडते कोरड्या दिवसांत, आणि नदीही नेमकी तेव्हाच रोडावलेली असते.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातल्या कोलोरॅडो पाइकमिनो या दुर्मीळ माशाचं उदाहरण घ्या. एके काळी सहा फुटांपर्यंत वाढणारा हा मासा पूर ओसरताना, पुरानं धुऊन काढलेल्या गोट्यांवर अंडी घालतो. पिल्लं वाहत जाऊन काठालगतच्या संथ, उथळ पाण्यात वाढतात. तिथली पातळी चार बोटं उतरली तरी ती जागा मुख्य धारेपासून तुटते. शिवाय पाणी कमी आणि कोमट झालं की बाहेरून आणलेल्या स्मॉलमाउथ बास या शिकारी माशाचं फावतं, आणि तो पिल्लं खातो.

एकट्या खाणीच्या ७ लिटरनी हे सगळं घडतं असं मी म्हणणार नाही. ‘इतक्या लिटरमागे इतके मासे’ असा आकडा कुणी दिला तर तो मानू नका. पण धरणं, शेती, शहरं यांनी आधीच नेलेल्या पाण्यात ही भर पडते. म्हणूनच कोलोरॅडोच्या वरच्या खोऱ्यात अमेरिकेची फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस (मासे आणि वन्यजीव सांभाळणारी सरकारी संस्था) १९७३च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली छोट्या तुटीचाही हिशेब मागते. तुमचा अर्धा टक्का त्या बेरजेत मांडा.

प्रश्न: खाणीनं पाणी नदीत सोडलं तर प्रवाह वाढेल. मग चांगलंच ना?

पाण्यात सेलेनियम (खडकात असणारं, जास्त झालं तर विषारी ठरणारं मूलद्रव्य) किती आहे त्यावर ठरेल. फोडलेल्या खडकातून ते सुटतं, अन्नसाखळीत साठत जातं आणि अंड्यांत उतरतं. पिल्लं वाकड्या कण्याची निपजतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा २०१६चा निकष वाहत्या पाण्याला लिटरमागे ३.१ मायक्रोग्रॅम इतका आहे, पण अंड्यांतलं प्रमाण मोजलेलं असेल तर निर्णय त्यावर होतो. दुर्मीळ मासा त्यासाठी मारता येत नाही, म्हणून त्याच पाण्यात तेच खाणाऱ्या एखाद्या साध्या माशाची अंडी तपासतात. अहवालात ती तपासणी आहे का, बघा.