बहिणीच्या एमआरआयवर डाग आलेत. नुसत्या रक्तावर एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) कळतो का, की पाठीतलं पाणी काढावंच लागतं?

तुमच्या बहिणीला एमएस आहे हे एकट्याने ठरवेल अशी रक्ताची चाचणी अजून नाही. पण जोडीचं, म्हणजे त्याच वेळी काढलेलं, रक्त नसेल तर पाण्याची चाचणीही लंगडीच, आणि हे आमच्या खान्देशात कितीदा सांगावं!

मे महिन्यात तालुक्याच्या एका दवाखान्यातून आमच्या लॅबमध्ये थर्माकोलचा डबा आला. बर्फ वितळलेला, आत पाण्याची एकच नळी. फोन केला तर पलीकडून, "अहो, पाणी पाठवलंय ना, मग रक्त कशाला?"

यासाठी. ऑलिगोक्लोनल बँड म्हणजे जेलवर उमटणारे अँटीबॉडीचे पट्टे. त्या जेलवर पाणी आणि सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) शेजारी-शेजारी चालवतात, दोन्हींत आयजीजी ही अँटीबॉडी सारखी ठेवून. त्यासाठी सीरम तीन-चारशे पट पातळ करावं लागतं. दोन किंवा जास्त बँड फक्त पाण्यात दिसले तर पॉझिटिव्ह. तेच बँड रक्तातही असतील तर ते मेंदूत तयार झालेले नाहीत, रक्तातून पाझरलेले आहेत. त्या नळीत पाच बँड दिसले, अगदी स्वच्छ. रिपोर्टवर मात्र लिहावं लागलं: सीरम नाही, अर्थ लावता येत नाही. चार दिवसांनी रक्त आलं, पण तोवर प्लाझ्मा एक्सचेंज (रक्तातला द्रव भाग काढून बदलणं) सुरू होऊन दात्यांचा प्लाझ्मा चढला होता. रक्तातलं बरंचसं आयजीजी परक्याचं! त्याच रक्तावर केलेली एक्यूपी४ (एमएससारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या आजाराची अँटीबॉडी चाचणी) निगेटिव्ह आली, तिच्यावरही भरवसा ठेवता येईना.

म्हणून पाणी काढलं की त्याच तासात हातातून साध्या नळीत रक्त घ्या, सीरम वेगळं करा आणि दोन्ही २ ते ८ अंशांत पाठवा. अख्खं रक्त बर्फावर ठेवलं तर पेशी फुटतात. पाण्यातल्या पेशींची मोजणी तासाभरात गावातच करा, मुंबईला पोचेपर्यंत त्या विरघळतात. जेल आयसोइलेक्ट्रिक फोकसिंगचं (बारीक पट्टे वेगळे दाखवणारी पद्धत) आहे ना, तेही विचारा. साध्या इलेक्ट्रोफोरेसिसवर बँड नजरेतून सुटतात. २०२४ च्या मॅकडोनाल्ड निकषांत (एमएसच्या निदानाचे नियम) बँडऐवजी कॅप्पा फ्री लाइट चेन इंडेक्सही (अँटीबॉडीच्या तुकड्यांचं मोजमाप) चालतो, पण त्यालाही जोडीचं सीरम लागतंच.

एक्यूपी४ आणि मॉग (तशीच दुसरी अँटीबॉडी चाचणी) मात्र रक्तावरच होतात, सेल-बेस्ड (जिवंत किंवा स्थिर केलेल्या पेशींवरच्या) पद्धतीने. प्लाझ्मा एक्सचेंजच्या आधी रक्त काढा. न्यूरोफिलामेंटवर (चेतापेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) निदानासाठी पैसे घालवू नका. ते स्ट्रोकमध्ये वाढतं, डोक्याला मार लागला तरी वाढतं, वयानेही वाढतं. उपचार चालू असताना एकाच लॅबमध्ये पुन्हा-पुन्हा केलं तरच कामाचं.

पाणी काढलं की पाय जातात, ही भीती सोडा. मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली सुई टोचतात. डोकं दुखू शकतं; बारीक, बोथट टोकाची सुई वापरली तर कमी.

हो, एमआरआय नमुनेदार असेल तर पाण्याशिवायही निदान होतं, ते न्यूरोलॉजिस्टलाच विचारा. आपल्याकडे बँड युरोपाइतके सापडत नाहीत, त्यामुळे निगेटिव्ह आलं म्हणून एमएस नाही असं नाही. आणि फॉर्मवर स्टेरॉइड कधी सुरू झालं ती तारीख लिहायला लावा. बँड त्याने सहसा जात नाहीत, एमआरआयवर कॉन्ट्रास्ट दिल्यावर दिसणारी डागांची चमक मात्र जाते.