ब्रिस्टलमध्ये मोकळ्या खेळासाठी करावी लागणारी खटपट

आपले पत्र मिळाले. पुण्याहून ब्रिस्टलला येण्याचे आपले निश्चित झाले आहे. सात वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा आजवर शाळेत गेलेले नाहीत व पुढेही त्यांना शाळेत घालण्याचा आपला विचार नाही. तेव्हा इथे ओळखीचे कोणीही नसताना त्यांना छंदवर्गांत गुंतवावे की सोसायटीत खेळतात तसेच मोकळे खेळू द्यावे, असे आपण विचारले आहे. दोन मुलांना याच पद्धतीने इथे वाढवण्याच्या अनुभवावरून सांगतो, की आठवड्यात ठरलेल्या दोनच गोष्टी असाव्यात आणि उरलेला वेळ रिकामा ठेवावा. मात्र त्या रिकाम्या वेळासाठी आपल्याला क्लासपेक्षा अधिक धावपळ करावी लागेल.

कायद्याची फारशी धास्ती घेऊ नये. इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षण कायद्यातील सातव्या कलमानुसार मुलाला त्याचे वय, कुवत आणि कल यांना साजेसे पूर्णवेळ शिक्षण देणे ही पालकांची जबाबदारी आहे आणि ते शाळेतच दिले पाहिजे असे नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम किंवा वेळापत्रक पाळण्याचे बंधन नाही. कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, विचारणा मात्र होऊ शकते. म्हणून मुले काय करतात याची तारीखवार वही ठेवा आणि तिच्यात खेळही लिहा, कारण ओढ्याला बांध घालण्यात गेलेली दुपार नीट लिहिली तर समोरच्यालाही त्यातले शिक्षण दिसते. अशा मुलांची नोंद ठेवण्याची तरतूद असलेले विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडले गेले होते. त्याची सद्यस्थिती निघण्यापूर्वी पाहून घ्यावी.

आता मूळ प्रश्न. पुण्यात मोकळा खेळ आपोआप घडतो. पाच वाजले की जिन्यावर पावले वाजतात, खालून हाक येते, आणि लगोरीला भिडू कमी पडत नाहीत. इथे सकाळी अकरा वाजता उद्यान सुंदर असते, झोपाळे असतात, पण त्यावर बसायला आपल्या मुलांच्या वयाचे कोणी नसते, कारण बाकीची मुले साडेतीनपर्यंत शाळेत असतात. डिसेंबरात तर चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे शाळा सुटते आणि लगेच दिवेलागण होते. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड राहतो व तेव्हा सारे सोपे होते. परंतु नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांचा विचार आधी करून ठेवावा.

आम्ही तो केला नव्हता. पहिल्या हिवाळ्यात मुले एकटी पडतील या भीतीने मी पोहणे, जिम्नॅस्टिक्स, चित्रकला, भिंतीवरचे गिर्यारोहण आणि शनिवारी फुटबॉल असे पाच वर्ग लावले. पैसे गेले ते गेलेच. खरी खंत अशी की प्रत्येक ठिकाणी मुले पाऊण तास सूचना ऐकत आणि बोलण्याची वेळ येताच जो तो आपापल्या गाडीत बसून निघून जाई. मार्चमध्ये मुलीने विचारले, "बाबा, इथे नुसतं खेळायचं कुठे असतं?" त्यानंतर तीन वर्ग बंद केले.

ठरलेल्या दोन गोष्टींपैकी एक पोहणे असावे, कारण हे बंदराचे शहर आहे. दुसरी गोष्ट अशी निवडावी जिथे तीच मुले दर आठवड्याला भेटतात आणि थोडी मोकळीकही असते. स्काउटमध्ये सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी बीव्हर्स आणि आठ ते साडेदहापर्यंत 'कब्स' हे गट असतात. प्रतीक्षायादी असू शकते, म्हणून घर ठरताच नाव द्या. क्लासचा उपयोग कौशल्यापेक्षा ओळखींसाठी करावा आणि एखाद्या पालकाशी सूर जुळला की मुलांना रविवारी जेवायला बोलवावे. असे बोलावण्याचा संकोच आम्हाला फार नडला.

घरी शिकणाऱ्या मुलांचे पालक आठवड्यातून एखादा दिवस ठरवून उद्यानात जमतात. ब्लेझ कॅसलच्या झाडीत किंवा ॲश्टन कोर्टच्या माळावर, या शहरातल्या मोठ्या उद्यानांत, पाऊस असला तरी जावे, आणि तिथे पोहोचल्यावर मुलांना काय खेळायचे ते सांगू नये. जागा, वेळ आणि सोबती ही जमवाजमव मोठ्यांनी करायची व मग बाजूला व्हायचे. आमच्या मुलाने चार आठवडे केवळ बघण्यात घालवले. पाचव्या आठवड्यात तो फांद्या ओढत होता. या काळात पालकाचा हात क्लासच्या फॉर्मकडे वळतो. तो आवरावा.

ईस्टन भागातले फेलिक्स रोड ॲडव्हेंचर प्लेग्राउंडही अवश्य पाहा. या प्रकारच्या मैदानांची सुरुवात १९४३ मध्ये कोपनहेगनजवळच्या एम्ड्रुप येथे भंगार सामान मुलांच्या हाती देऊन झाली. अशा ठिकाणी 'प्लेवर्कर' हे पगारी कर्मचारी असतात. ते शिकवत नाहीत, धोका गंभीर होणार नाही एवढे पाहतात. मुलाच्या हाती हातोडी पाहून आपल्या काळजाचा ठोका चुकेल, पण तिथे मध्ये पडणारे आईवडीलच उपरे ठरतात. गल्ली काही तास वाहनांना बंद करून मुलांना खेळू देण्याची 'प्लेइंग आउट' ही चळवळही २००९ मध्ये याच शहरातल्या पालकांनी सुरू केली, आणि कौन्सिलच्या परवानगीने आपणही ती आपल्या गल्लीत करू शकता. शेजाऱ्यांची ओळख होण्यास याहून सोपा मार्ग मला सापडला नाही.

मुलाला एकट्याने बाहेर पाठवण्याचे किमान वय इंग्लंडच्या कायद्यात लिहिलेले नाही, परंतु मूल धोक्यात आल्यास पालक जबाबदार धरले जातात. दहा वर्षांच्या मुलाला आधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग रस्ता ओलांडून उद्यानापर्यंत, असे हळूहळू सोडावे.

म्हणून भाड्याचे घर पाहताना खोल्या मोजण्याआधी उद्यानाचे अंतर मोजा. दोन बस बदलून खेळायला जावे लागले तर ते जाणे फेब्रुवारीत बंद पडते. आम्ही दुसऱ्या वर्षी एक खोली कमी असलेले, पण चालत पाच मिनिटांवर मैदान असलेले घर घेतले, आणि चिखलाचे बूट दाराबाहेर ठेवायला आधी एक फळी ठोकून घेतली.