पार्टीतली गोळी ‘शुद्ध’ असेल तर धोका कसला?

गोव्यात हणजूण-वागातोरकडे पार्टीत मिळणारी गोळी ‘शुद्ध’ असेल तरी धोका असतो का, आणि सोबतचा कोणी कोसळला तर काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

शुद्धतेची खात्री देणाऱ्यालाही आत काय आहे ते ठाऊक नसतं. एमडीएमए (म्हणजे एक्स्टसी) म्हणून विकलेल्या गोळीत कधी पीएमएमए हे दुसरंच नशेचं रसायन निघतं. त्याचा अंमल उशिरा चढतो. ‘काहीच होईना’ म्हणून माणूस दुसरी घेतो आणि मग दोन्ही एकदम अंगावर येतात. एलएसडी या भास घडवणाऱ्या द्रव्याच्या नावाने दिलेल्या कागदाच्या तुकड्यावर एनबोम हे वेगळंच रसायन असू शकतं. कृत्रिम गांजाला गांजा समजू नका: गांजातलं नशा आणणारं टीएचसी मेंदूतल्या ग्राहींना (द्रव्य जिथे जाऊन बसतं त्या जागांना) अर्धवट चालना देतं, कृत्रिम गांजातलं जेडब्ल्यूएच-०१८सारखं रसायन पूर्ण देतं. त्यातून आकडी येऊ शकते.

पण गोळी खरीच एमडीएमएची निघाली तरी अंग तापतंच. गोव्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नाचणं थांबत नाही. तापमान ४० अंशांवर गेलं की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडं निकामी करतं आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. पॅरासिटामॉल इथे कुचकामी, कारण हा नेहमीचा ताप नव्हे. उलट भीतीपोटी बाटल्यामागून बाटल्या पाणी प्यायलं तर तेही बाधतं: एमडीएमएमुळे लघवी अडते, रक्तातलं सोडियम उतरतं आणि मेंदूला सूज येते.

अंग भाजतंय, बरळतोय, जबडा-पाय ताठ झालेत किंवा आकडी आली, तर लगेच १०८. तोवर गर्दीतून बाहेर काढा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला. मान, काखा, जांघांत कपड्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा. शुद्ध हरपली पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. श्वास थांबला तर छाती दाबायला घ्या, मिनिटाला १०० ते १२० वेळा. लिंबूपाणी, दही काही भरवू नका, ते फुप्फुसात जातं. ‘जास्त झालीय, झोपू दे’ म्हणून खोलीवर नेऊन टाकू नका.

म्हापशाचं जिल्हा इस्पितळ असो वा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), डॉक्टरांना खरं सांगा: काय, किती, किती वाजता, सोबत दारू होती का, नैराश्याची औषधं चालू आहेत का. त्या औषधांसोबत सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. उरलेली गोळी किंवा पुडी असेल तर तीही द्या. लघवीच्या नेहमीच्या तपासणीत यातली बरीच द्रव्यं सापडत नाहीत.